दगड झालेल्या कवटीतला मेंदू आणि कान सीटीवर दिसतो तरी कसा?

स्कॅनवाला_सांगली :

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी एका डायग्नॉस्टिक सेंटरला सीटी टेक्निशियन आहे, अकरा वर्षं झाली. आठवड्याला चार-पाच तरी टेंपोरल बोनचे एचआरसीटी (एकदम बारीक स्लाइसचे सीटी) माझ्या हातून जातात, म्हणजे कानामागचं हाड आणि आतला कान. कुणाचा कान वाहतो, कुणाला गरगरतं, एखाद्या लहान पोराला कॉक्लियर इम्प्लांट बसवायचं असतं. सांगायचा मुद्दा, तो ऐकण्याचा कॉक्लियाचा शंख आणि तोल सांभाळणाऱ्या त्या तीन सेमिसर्क्युलर कॅनल, म्हणजे अर्धगोल नळ्या, मला झोपेतून उठवून दाखवल्या तरी ओळखीन.

तर परवा नाइट होती, पेशंट नव्हता, मोबाइल चाळत बसलेलो तर एका ठिकाणी आतल्या कानाचं थ्रीडी चित्र दिसलं, जांभळ्या रंगात, आणि बघताक्षणी वाटलं काहीतरी गडबड आहे राव, कॅनल एवढ्या जाड आणि आखूड कशा, शंख कुठाय, कुणाचा पेशंट हा? खाली वाचलं तर प्लेसिओसॉर! म्हणजे तो चार वल्ह्यांचा, लांब मानेचा समुद्रातला प्राणी, डायनासोरच्या काळातला. आणि कानाशेजारी त्याचा मेंदू पण दाखवलेला, निळा.

आता मला सांगा, मेंदू म्हणजे सगळ्यात मऊ अवयव, मेल्यावर सगळ्यात आधी त्याचंच पाणी होतं, मग कोट्यवधी वर्षांनी मेंदू आला कुठून? दुसरं म्हणजे कवटीचा झाला दगड आणि आत भरलाय पण दगड, मग सीटीवर कॉन्ट्रास्ट मिळतो कसा, आमच्याकडे तर नुसती दाताची कॅप असली तरी सगळ्या इमेजवर झाडू मारल्यासारख्या रेघा येतात. आणि तिसरं, हे सगळं काढून कळतं काय नेमकं?

आमच्या रेडिओलॉजिस्ट सरांना विचारलं तर चहा पिता पिता म्हणाले, अरे ते सगळं अंदाजपंचे दाहोदरसे असतं. मला काही ते पटलं नाही म्हणून इथे आलो.


दगडफोड्या :

वा, सीटीवाला माणूस आला धाग्यावर, आता मजा येईल. मी पुण्यात जिऑलॉजी केलं, नंतर हाडांच्या नादाला लागलो, सध्या परदेशात त्याच नादावर पोट चालतंय.

पहिला प्रश्न एकदम बरोबर आहे. मेंदू मिळत नाही. मिळते ती मेंदूची जागा. प्राणी मेला, तळाशी गेला, मांस कुजलं, कवटीच्या भोकांतून बारीक गाळ आत शिरला आणि मेंदू जिथे होता तिथे भरून बसला, पुढे त्याचा दगड झाला. साच्यातून मोदक काढतो तसं समजा, साचा हाडाचा, मोदक गाळाचा. ह्याला एंडोकास्ट म्हणतात. तुम्ही बघितलेला निळा मेंदू म्हणजे हाच मोदक, फक्त कॉम्प्युटरवर काढलेला.

आधी लोक हे कसं करायचे ते ऐकाल तर तुमच्या मशीनला रोज हळदकुंकू वाहाल. ऑक्सफर्डला विल्यम सोलास म्हणून प्रोफेसर होते, त्यांनी इक्थिओसॉर ह्या जुन्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याची अख्खी कवटी घासली. घासली म्हणजे खरंच घासून संपवली, एक थर घासायचा, जे दिसेल त्याची नोंद करायची, परत पुढचा थर. 1916 ला ते काम छापून आलं. स्लाइस मिळाल्या, कवटी गेली. तुमचा पेशंट निदान टेबलावरून उठून घरी जातो.

आणि ह्या सगळ्या विषयाची सुरुवातच मुळी समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यापासून झालीय असं म्हटलं तरी चालेल. टिली एडिंगर नावाच्या जर्मन बाई होत्या, फ्रँकफर्टच्या, वडील मोठे मेंदूतज्ज्ञ. बाईंनी 1921 मध्ये पीएचडी केली ती नोथोसॉरसवर, हा प्लेसिओसॉरच्या चुलत घराण्यातला ट्रायासिक काळातला, म्हणजे ज्युरासिकच्या आधीचा प्राणी, आणि त्यात त्याच्या कवटीत तयार झालेल्या दगडी एंडोकास्टचा अभ्यास होता. 1929 ला त्यांचं जाडजूड पुस्तक आलं, जीवाश्मांच्या मेंदूंवर जगभरात जे काही तुकड्या-तुकड्यात पडलेलं होतं ते सगळं एका जागी. ज्यू असल्यामुळे नाझी आल्यावर म्युझियममध्ये गुपचूप काम करावं लागलं, 1938 च्या नोव्हेंबरात ज्यूंवर हल्ले झाले त्यानंतर तेही बंद झालं, मग लंडनमार्गे 1940 ला हार्वर्डला पोचल्या. गंमत म्हणा की दैव म्हणा, ह्या बाईंना स्वतःला ऐकू फार कमी यायचं, तरुणपणापासून मशीन लावायच्या. 1967 ला रस्त्यात गाडीची धडक बसून गेल्या.

असो, भरकटलो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रात्री देतो, आता लॅबला पळायचंय.


पोटभर_वाचक :

इकडे गॅस सिलेंडरचा भाव कुठे गेलाय आणि तुम्हाला मेलेल्या मगरीच्या कानाची पडलीय. चालू द्या 😄


गोटा_खोबरं :

दगडफोड्या, मोदकाचं उदाहरण चांगलं आहे पण एक शंका. मी मालवणचा, आमच्याकडे नारळाशिवाय दुसरं उदाहरण सुचत नाही, म्हणून विचारतो. ओल्या नारळात खोबरं करवंटीला घट्ट चिकटलेलं असतं, पण तोच नारळ माळ्यावर ठेवला की आतलं पाणी आटतं आणि खोबरं सुटून गोटा होतो, हलवला की खडखड वाजतो. करवंटीचा माप घेऊन गोट्याचा माप सांगशील तर फसशील. मग कवटीच्या पोकळीवरून मेंदू सांगायचा तर तो ओला नारळ होता की गोटा हे कसं कळणार?


दगडफोड्या :

गोटाभाऊ, साष्टांग नमस्कार. इतकं सोपं करून मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं, पुढच्या प्रेझेंटेशनला वापरणार, रॉयल्टी म्हणून सोलकढी.

हाच तर लोच्या आहे. सस्तन प्राणी आणि पक्षी म्हणजे ओला नारळ, मेंदू पोकळी जवळजवळ भरून टाकतो, म्हणून एंडोकास्टवर घड्यासुद्धा उमटतात. सरपटणारे प्राणी म्हणजे बराचसा गोटा, मेंदूभोवती जाड आवरणं आणि रक्ताच्या शिरांची जागा. त्यात मगरीचं तर आणखी मजेशीर आहे, पिल्लात मेंदू पोकळीचा दोन-तृतीयांशाच्या आसपास भाग भरतो आणि प्राणी मोठा होत जाईल तसा तो वाटा घसरत एक-तृतीयांशावर येतो. म्हणजे ओल्या नारळाचा वय वाढेल तसा गोटा. त्यामुळे समुद्री सरपटणाऱ्यांचा एंडोकास्ट बघून हा हुशार, तो ढ असं कोणी सांगायला लागला तर खुशाल उठून चहाला जा. पण कुठला भाग फुगलाय, कुठल्या नसा कुठून बाहेर पडतात, रक्तवाहिनीचं भोक किती मोठं, हे बऱ्यापैकी सांगता येतं.

उदाहरण देतो. हौफिओप्टेरिक्स नावाचा छोटा इक्थिओसॉर आहे, डॉल्फिनसारखा दिसणारा. बहुतेक इक्थिओसॉर जर्मनीतल्या होल्झमाडेनच्या काळ्या शेलमधून, म्हणजे चिखलाच्या पातळ थरांच्या दगडातून येतात, आणि तिथे ते उडदाच्या पापडासारखे चपटे झालेले असतात, मेंदूची पोकळी वगैरे विसरा. पण इंग्लंडमध्ये सॉमरसेटला इल्मिन्स्टर गावाजवळ स्ट्रॉबेरी बँक म्हणून जागा होती, तिथे चुनखडीच्या गोट्यांमध्ये हाडं न दबता तशीच राहिली. चार्ल्स मूर नावाच्या माणसाने ती 1840 च्या दशकात गोळा केली, नंतर ती बाथ गावात पडून होती. त्यातल्या एका हौफिओप्टेरिक्सच्या कवटीचं सीटी करून 2015 ला ब्रिस्टॉलच्या लोकांनी एंडोकास्ट काढला. डोळ्यांचं काम बघणारे भाग मोठे, सेरिबेलम म्हणजे हालचाल सांभाळणारा मागचा मेंदू मोठा, म्हणजे नजरेवर शिकार करणारा आणि पाण्यात चपळ हालचाल करणारा प्राणी. इक्थिओसॉरांचे डोळे बघितलेत का, टेम्नोडोन्टोसॉरस नावाच्या इक्थिओसॉरचा डोळा 25 सेंटीमीटरच्या वर, म्हणजे ज्वारीच्या भाकरीएवढा एक डोळा. तेवढा डोळा वागवायचा तर मेंदूत त्याची सोय लागणारच.

आता स्कॅनवाले तुमचा कॉन्ट्रास्ट. हाड दगड झालं तरी त्यातलं मूळ खनिज बरंचसं फॉस्फेटचं असतं, आत भरतो तो चुना किंवा माती, दोन्हीची एक्स-रे अडवायची ताकद वेगळी, तेवढ्यावर भागतं. आमच्या मायक्रोसीटीचा व्होल्टेज तुमच्यापेक्षा जास्त, 225 केव्ही आणि वर पण, एक कवटी तासभर फिरवत बसलं तरी पेशंटला रेडिएशनची चिंता नाही, 15 कोटी वर्षांपूर्वीच गेलाय. तरीपण आत पायराइट, म्हणजे लोखंडाचं जड खनिज, भरला असला की संपलं, तुमच्या दातांच्या कॅपसारख्याच रेघा. जिथे ऑटोमॅटिक जमत नाही तिथे माणूस माउस घेऊन एकेका स्लाइसवर हाडाची कड रंगवत बसतो, हजारएक स्लाइस असतात. माझा डावा खांदा त्यातच गेलाय, मी डावखुरा आहे. अगदीच हट्टी दगड असेल तर सिंक्रोट्रॉन, म्हणजे प्रचंड प्रखर एक्स-रे देणारं अवाढव्य यंत्र. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला आहे, तिथे नेदरलँड्समधल्या विंटर्सवाइक खाणीतल्या नोथोसॉरसची कवटी टाकली होती, 2018 ला छापलं. म्हणजे एडिंगरबाईंनी ज्या प्राण्यापासून सुरुवात केली त्याच घराण्यावर 97 वर्षांनी परत.


स्कॅनवाला_सांगली :

भारी. माउसने रंगवायचं दुःख मी समजू शकतो, आम्हाला कधीतरी थ्रीडी प्रिंटसाठी जबड्याचं करायला लावतात. पण सर, माझा तिसरा प्रश्न राहिलाच, कानाचं काय? त्या जाड कॅनलवरून काय कळतं?


कान_नाक_घसा :

इथे मी बोलते थोडं, जीवाश्मांतलं काही कळत नाही पण कान माझा रोजचा धंदा. नाशिकला प्रॅक्टिस आहे.

आधी शंखाचं. शंखासारखा वेढे घेतलेला कॉक्लिया हे सस्तन प्राण्यांचं कौतुक आहे. सरपटणाऱ्यांमध्ये तो भाग एक सरळ, आखूड पिशवीसारखा खाली लोंबतो, म्हणून तुम्हाला शंख दिसला नाही.

आता कॅनल. एक वाटी घ्या, पाणी भरा, वर तुळशीचं पान सोडा आणि वाटी पटकन थोडी फिरवा. वाटी फिरते, पान जागच्या जागी राहतं. कॅनलमध्ये हेच, डोकं वळलं की हाड वळतं, आतलं पाणी क्षणभर मागे राहतं, ते एका जेलीसारख्या पडद्याला दाबतं आणि पडद्यातल्या बारीक केसांच्या पेशी मेंदूला कळवतात की डोकं अमुक बाजूला इतक्या वेगाने वळलं. तीन कॅनल तीन दिशांना, त्यामुळे कुठलंही वळण सुटत नाही.

ह्याचा उपयोग काय ते आत्ता करून बघा. हा मेसेज वाचता वाचता मान नाही-नाही अशी जोरात हलवा. अक्षरं वाचता येतायत ना? आता मान स्थिर ठेवा आणि मोबाइल तेवढ्याच वेगाने हलवा. नाही येत. पहिल्या वेळी कानाने डोळ्यांना सांगितलं की डोकं इकडे चाललंय, तुम्ही तिकडे फिरा. दुसऱ्या वेळी कान गप्प होता. माझ्याकडे ज्या पेशंटचे दोन्ही बाजूचे कॅनल औषधाने खराब झालेले असतात ते सांगतात, मॅडम चालताना दुकानांच्या पाट्या उड्या मारतात.

आणि कॅनलची कमान जितकी मोठी, तितकी ती साधारण हुशार, हलकंसं वळणही पकडते. कमान आखूड झाली की तिचा स्वभाव बदलतो, एवढ्या तेवढ्याला हलत नाही. ह्यापुढचं दगडफोड्या सांगतील.

स्कॅनवाले, तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा, पण अंदाजपंचे नाहीये हो ते.


दगडफोड्या :

थँक्यू मॅडम, मी पण सकाळी सकाळी कॅफेत मान हलवत बसलो, समोरची म्हातारी उठून दुसऱ्या टेबलावर गेली.

तर आता खरी गोष्ट. हे प्राणी मुळात जमिनीवरचे. सरपटणारे प्राणी जमिनीवर झाले आणि त्यातले वेगवेगळे घराणे वेगवेगळ्या वेळी परत समुद्रात शिरले, इक्थिओसॉर वेगळे, प्लेसिओसॉरची मंडळी वेगळी, समुद्री मगरी वेगळ्या, मोसासॉर म्हणजे घोरपडीचे भाऊबंद ते वेगळे, कासवं वेगळी. पाण्यात शिरल्यावर हातापायाची वल्ही झाली हे हाडांवरून दिसतंच. पण डोकं कसं वळायचं, पोहताना अंग किती घुसळायचं, हे हाडांवर लिहिलेलं नसतं. ते कानात लिहिलेलं असेल का, हा शोध.

2017 ला ऑक्सफर्डच्या जेम्स नीनन आणि मंडळींनी प्लेसिओसॉरच्या सगळ्या खानदानाचे कान शेजारी शेजारी ठेवले. जुने, किनाऱ्यालगत फिरणारे नोथोसॉर वगैरे, त्यांचा कान मगरीसारखा. पुढे खोल समुद्रातले, चार वल्ह्यांनी पाण्यात उडत जाणारे प्लेसिओसॉर, त्यांचा कान गुबगुबीत, आटोपशीर, आजच्या समुद्री कासवासारखा. आणि कासव पण वल्ह्यांनी पाण्यात उडतच असतं. आता त्यातले आखूड मानेचे, मोठ्या डोक्याचे जे प्लिओसॉरसारखे, त्यांचा कान अंगाच्या मानाने लहान होत गेलेला, देवमाशांकडे झुकणारा. मला तर हे वाचून टाळी द्यावीशी वाटली. मान आखूड म्हणजे डोकं आणि धड एकत्र वळणार, धड घुसळलं की डोकं घुसळलं, अशा वेळी कान फार हुशार असून चालत नाही, नाहीतर चोवीस तास बोट लागल्यासारखं.

देवमाशाचं उदाहरण तर आपल्या घरचं आहे. 2002 साली नेचर ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात फ्रेड स्पूर यांचा पेपर आला, त्यात रुरकीचे सुनील बाजपेयी आणि डेहराडूनचे किशोर कुमार सहलेखक आहेत, आणि कच्छमध्ये सापडलेल्या आद्य देवमाशांची हाडं त्या कामात आहेत. तेव्हाचे देवमासे म्हणजे पाय असलेले, किनाऱ्यावर हिंडणारे. पाकिस्तानातल्या सगळ्यात जुन्या प्राण्यांचे कॅनल जमिनीवरच्या प्राण्यांसारखे मोठे, आणि त्यांच्यानंतर थोड्याच काळात कॅनल एकदम लहान. पाय अजून शाबूत आहेत आणि कान मात्र आधीच समुद्राचा झालाय. आज अवाढव्य निळ्या देवमाशाच्या कॅनलची कमान माणसाच्या कॅनलपेक्षा लहान आहे, विचार करा.

आता ह्याच्या समोर ठेवा समुद्री मगरी, थॅलॅटोसुकिया. ज्युरासिकमधल्या. त्यातले जे पक्के दर्यावर्दी झाले ते मेट्रिओरिंकिड, पाठीवरचं चिलखत टाकलं, पायाची वल्ही केली, शेपटीला माशासारखा पंख. एडिनबराच्या युलिया श्वाब आणि इतरांनी 2020 ला त्यांचे कान सीटीने तपासले. शेवटी कान तसाच झालाय, आटोपशीर, जाड कॅनलचा. पण क्रम उलटा! मगरींमध्ये पोहण्यासाठी अंगात बदल आधी सुरू झाले, मधे अर्धं पाण्यात अर्धं जमिनीवर असा खूप लांब काळ गेला, आणि कान मागाहून बदलला. देवमासे घाईघाईने बदलले, मगरी सावकाश, ठिकाण एकच, वाटा दोन. मला विचाराल तर मधल्या मगरींना किनाऱ्यावर येऊन डोकं वर करून बघायची गरज असणार, त्यामुळे जुना कान टाकून देता येईना, पण हे माझं मत, पेपरच्या नावावर खपवू नका.

ह्याच मगरींचं अजून एक, कानाचं नाही पण कवटीतलंच आहे म्हणून सांगतो. अर्जेंटिनात नेउकेन भागात मिळालेल्या कवट्यांमध्ये डोळ्यांच्या पुढे नाकाच्या पोकळीत दगडाचे गोळे मिळाले, वरून द्राक्षाच्या घडासारखे फुगीर. मार्ता फर्नांडेझ आणि झुल्मा गास्पारिनी ह्या दोघींनी ओळखलं की हे मिठाच्या ग्रंथींचे साचे आहेत. समुद्राचं पाणी पोटात जाणार, मीठ बाहेर टाकायला काहीतरी पाहिजे. मऊ ग्रंथी, तिचा दगडी मोदक. पापडासारख्या चपट्या जीवाश्मांवर आयुष्य काढणाऱ्या माणसाला असलं काही बघितलं की हेवा वाटतो.


गोटा_खोबरं :

मॅडम एक बारीकसा प्रश्न. आमच्या तारकर्लीला स्कूबा करायला मुंबईची माणसं येतात, दोन-तीन मीटर खाली गेली की कान धरून ओरडतात. ह्या प्राण्यांका तसा व्हायचा नाय?


कान_नाक_घसा :

दादा, तो मधला कान. पडद्यामागे हवा असते, पाण्याचा दाब वाढला की पडदा आत दाबला जातो. तोल सांभाळणारा भाग त्याच्याही आत, तिथे पाणीच भरलेलं, त्याला दाबाचं तेवढं नाही. प्राण्यांचं दगडफोड्यांना विचारा.


दगडफोड्या :

मोसासॉरांमध्ये कानाच्या पडद्याच्या जागी चुन्याने कडक झालेली ताटली मिळालीय, म्हणजे हवेतल्या आवाजासाठी थरथरणारा नाजूक पडदा तो नव्हे. इक्थिओसॉरात कानातलं छोटं हाड, माणसात जे तांदळाच्या दाण्याएवढं असतं, ते चांगलं दणकट ओंडक्यासारखं. पण खोल बुडायचा त्रास त्यांना होता बरं का. 1987 ला रॉथशिल्ड आणि मार्टिन ह्या दोघांनी दाखवलं की प्लेटकार्पस आणि टायलोसॉरस ह्या मोसासॉरांच्या मणक्यांत रक्त न मिळून मेलेल्या हाडाचे पट्टे आहेत, पाणबुडे खोलातून झटकन वर आले की रक्तात बुडबुडे होतात, त्याला बेंड्स म्हणतात, त्याने होतात तसले. क्लिडास्टीस म्हणून त्यांचा भाऊबंद, त्याच्यात नाहीत, तो बहुतेक वरवर पोहत असावा.


शंकासूर :

नेहमीप्रमाणे मी उशिरा आणि पाण्यात मीठ टाकायला. हा आयडी शिमग्यावरून घेतलेला आहे, तेव्हा मनावर घेऊ नका.

दगडफोड्यांची गोष्ट ऐकायला छान आहे, पण स्कॅनवाल्यांना एक विचारतो, तुमच्या सीटीवर तुम्हाला कॅनल दिसते ती कुठली? हाडातला बोगदा. खरी नळी, पातळ पडद्याची, ती त्या बोगद्यात लोंबत असते आणि ती बोगद्यापेक्षा खूप बारीक. माणसात हाडाचा बोगदा साधारण मिलिमीटरभर आणि पडद्याची नळी त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. गोटाभाऊंचा नारळ इथेही लागू. मग जीवाश्मात कॅनल जाड दिसली म्हणजे बोगदा जाड झाला, नळी जाड झाली असं कोणी सांगितलं?

हे मी हवेत बोलत नाहीये. सर्ज एव्हर्स आणि मंडळींनी 2019 मध्ये ते घरोघरी ऍक्वेरियमला पाळतात ते लाल कानपट्टीवालं कासव घेतलं आणि दोन्ही मोजलं, बोगदा जाड, नळी बारीक, एकावरून दुसऱ्याचा नीट अंदाज लागत नाही. पुढे 2022 ला त्यांनीच ढीगभर कासवं घेतली, जमिनीवरची, गोड्या पाण्यातली, समुद्रातली, जीवाश्म पण. निघालं काय तर कासवांचा आतला कान अंगाच्या मानाने सस्तन प्राण्यांपेक्षा मोठा, बऱ्याच पक्ष्यांच्या बरोबरीचा. कासवाचा! म्हणजे मोठा कान म्हणजे चपळ प्राणी हे गेलं. आणि कानाचा आकार आणि कासव कुठे राहतं ह्याचा मेळच बसला नाही. आता प्लेसिओसॉरचा कान कासवासारखा म्हणून तो कासवासारखा पोहायचा असं म्हणायचं, आणि कासवाचाच कान कासवाबद्दल काही सांगत नाही, ह्याला काय अर्थ?


दगडफोड्या :

शंकासूर महाराज, ढोल वाजवत आलातच. मुद्दा खरा आहे, त्या 2022 च्या पेपरनंतर आमच्या ग्रुपमध्ये दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

तरी थोडं माझ्या बाजूने. एक, कासव हे विचित्र प्रकरण आहे, कवटीपासून पाठीपर्यंत सगळंच वेगळं, त्याच्यावरून सगळ्यांना झोडू नका. दोन, मगरींमध्ये नुसता एक प्राणी समुद्रातला आणि एक जमिनीवरचा अशी तुलना नाहीये, एकाच घराण्यात पायरी पायरीने बदल दिसतोय आणि तो बदल बाकीच्या सांगाड्याबरोबर चाललाय. कानाचा आकार बदलला हे तर बोगद्यावरूनही खरंच आहे, का बदलला त्यावर भांडू. कवटी चपटी झाली, डोळे बाजूला सरकले, त्यामुळे बोगद्याला जागाच उरली नाही असंही असू शकतं, हे मी कबूल करतो. पण मग आखूड मानेच्या प्लेसिओसॉरात आणि देवमाशांत दोन्हीकडे लहानच का झाला?


शंकासूर :

देवमाशांचं मान्य. तिथे जिवंत प्राणी कापून बघता येतो, पडद्याची नळी पण लहानच आहे. प्लेसिओसॉर कापून दाखवा, मी आयडी बदलतो.


कान_नाक_घसा :

शंकासूर, तुमचा बोगद्याचा मुद्दा आम्हालाही रोज छळतो. सीटीवर हाड स्वच्छ, कॅनल सुंदर, आणि पेशंट भिंत धरून चालतोय. नळीत एखादा चुन्याचा कण सुटून फिरत असतो, तो सीटीवर दिसत नाही, डोकं ठरावीक कोनात वळवून पेशंटला आडवं केलं की डोळे थरथरतात त्यावरून कळतं. मग एप्लीचा व्यायाम, पाच मिनिटांत माणूस हसत घरी. प्लेसिओसॉरला आडवं करून डोळे बघायची सोय नाही हे खरं.


स्कॅनवाला_सांगली :

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. एक राहिलं, आपल्याकडे महाराष्ट्रात असं काही मिळतं का? मिळालं तर आमच्या मशीनमध्ये टाकतो, रात्री रिकामंच असतं 😀


दगडफोड्या :

महाराष्ट्राचा बराचसा भाग म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ, त्यात इक्थिओसॉर शोधू नका, डोकं फुटेल. पण शेजारी कच्छमध्ये लोडाई गावाजवळ इक्थिओसॉर मिळालाय, साधारण साडेपाच मीटरचा, ज्युरासिक काळातला, दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद आणि त्यांच्या टीमने 2017 ला जाहीर केला. भारतातला ज्युरासिकमधला पहिलाच.

आणि मशीनचं म्हणाल तर हसू नका, सुरुवातीच्या कित्येक कवट्या हॉस्पिटलच्या सीटीमध्ये पेशंट संपल्यावरच घातल्या गेल्यात. मोठी कवटी असेल तर तुमच्या स्लाइस पुरतात, लहान कानासाठी नाही पुरत. तोपर्यंत एक काम करा, मॉर्फोसोर्स नावाच्या साइटवर आजच्या प्राण्यांचे आणि जीवाश्मांचे बरेच स्कॅन फुकट उतरवता येतात, स्कॅनमधून थ्रीडी आकार काढायचं थ्रीडी स्लायसर सॉफ्टवेअर पण फुकट आहे. आधी मगरीची कवटी घ्या, थेट जीवाश्मावर उडी मारू नका.


स्कॅनवाला_सांगली :

अपडेट देतो. काल नाइटला मगरीची कवटी उतरवली, सेंटरचं नेट असं की अडीच तास लागले. डाव्या बाजूचे तिन्ही कॅनल निघाले, वरचा उभा तर पहिल्याच झटक्यात सापडला, आडवा, म्हणजे लॅटरल, शोधायला दोन चहा लागले कारण मी माणसाच्या कोनात शोधत होतो, कवटी किती चपटी असते ते लक्षातच आलं नाही. शंखाच्या जागी खरंच पिशवी लोंबतेय. उजवी बाजू रंगवत होतो तेवढ्यात ॲक्सिडेंटची केस आली, तशीच अर्धी सोडली.

पहाटे सर आले, स्क्रीनवर जांभळा कान बघून म्हणाले, हा कुणाचा रे, रिपोर्ट पेंडिंग आहे का? मी म्हटलं सर, मगर आहे. ते पाच मिनिटं उभ्या उभ्याच फिरवून बघत होते, मग म्हणाले लॅटरल कॅनल जरा जास्त रंगवलायस, आणि खुर्ची ओढून बसले.